थंडीच्या एकेचाळीस सूचना

थंडी कशी सोसायची हे स्वरूपाला थंडी पडायच्या कितीतरी आधी तोंडपाठ होतं. जर्मनीच्या पार वरच्या टोकाला, जिथून पुढचं स्टेशन थेट डेन्मार्कमध्येच लागतं, अशा त्या खाडीकाठच्या कॉलेजगावात ती ऑक्टोबरात उतरली, तेव्हा तिच्याबरोबरची बाकीची देशी पोरं पुण्याहून आणलेल्या स्वेटरांत दात वाजवत उभी होती. स्वरूपा मात्र आत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, पायात जाड मोजा मावावा म्हणून एक नंबर मोठे घेतलेले बूट आणि ओठांना मेण, अशी मोहिमेवर निघाल्यासारखी सज्ज. इचलकरंजीच्या कपिलनं डोक्यावरची माकडटोपी सावरत तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मॅडम, इथंच राहायचंय की पुढं उत्तर ध्रुवावर ॲडमिशन आहे?"

ही सगळी करणी राजसची. राजस म्हणजे तिचा होणारा नवरा. मे महिन्यात पुण्यात साखरपुडा झाला होता, लग्न पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. राजस ह्याच कॉलेजात शिकला, ह्याच वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, त्यानं तीन हिवाळे काढले, आणि आता तो हॅनोव्हरला गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत होता. साखरपुड्याआधी दोघं भेटली ती मोजून तीनदा, तिन्ही वेळा हॉटेलात, आणि तिन्ही वेळा त्यानं बोलण्यापेक्षा तिला पंख्याचा वारा लागतोय का हेच जास्त पाहिलं. गोड बोलणं त्याला जमत नसे. 'आवडतेस' हा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे त्याला घसा खाकरावा लागे, आणि खाकरून झालं की विषय निघून गेलेला असे.

पण तिचं ॲडमिशन पक्कं झालं आणि त्याला कंठ फुटला. जूनपासून दर दोन-तीन दिवसांनी एक व्हॉइस नोट. प्रत्येकीची सुरुवात "आल्झो, स्वरू, ऐक" अशी; आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर मग'. खिडकी दिवसातून दोनदा सताड उघडायची, पाचच मिनिटं, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. बर्फ गोठलेल्या फरशीवर बदकासारखं पाय फाकवून चालायचं, लाज वाटली तरी. हातमोजे घरीच घालून निघायचं, रस्त्यात घालू म्हटलं तर बोटं ऐकत नाहीत. सकाळी काजळ घालून खाडीवरचा पूल ओलांडायचा नाही, वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येतं आणि वर्गात भूत होऊन बसावं लागतं. 'त्या' चार दिवसांसाठी चेरीच्या बियांनी भरलेली छोटी उशी मिळते, ती हीटरवर तापवून पोटाशी धरायची.

अशा एकेचाळीस झाल्या. स्वरूपानं त्या मोजल्या होत्या, कारण मोजणं हा तिचा धंदाच होता. चाकणच्या एका कारखान्यात ती चार वर्षं क्वालिटीत होती. आलेला माल मापात आहे का, हे बघून पास किंवा रिजेक्ट लिहायचं. माणसांनाही ती तसंच बघे आणि बहुतेक माणसं कुठे ना कुठे अर्धा मिलिमीटर कमी भरत. राजस मात्र भरला होता. दुसऱ्या मुलींना कविता येतात, तिला सूचना येत होत्या, आणि तिच्या लेखी तीच प्रेमपत्रं होती.

त्यातली सत्ताविसावी तिची सर्वांत लाडकी. "आल्झो, स्वरू, ऐक. लग्नानंतर आईच्या आग्रहाखातर जोडवी घालून इथे येऊ नकोस. थंडीत चांदी बर्फासारखी गार पडते, बुटात दाब बसतो, बोटं सुजतात, आणि मग ती साबण लावूनसुद्धा निघत नाहीत. उन्हाळ्यात घाल हवी तर." लग्नानंतर! ज्या माणसाला 'लग्न' म्हणताना ठसका लागायचा, तो थेट तिच्या पायाच्या बोटांपर्यंत पोचला होता. तिनं ती नोट तीनदा ऐकली, आणि चौथ्यांदा आईला ऐकवली. आई म्हणाली, "बाई गं, एवढी काळजी तर तुझ्या वडिलांनी मला बाळंतपणातही केली नाही."

नोव्हेंबर उजाडला आणि राजसच्या सूचनांचं खरं मोल सगळ्या वोनहाइमला कळलं. साडेतीनलाच दिवे लावायची वेळ यायला लागली. खाडीवरून असा वारा सुटे की छत्री उघडणारा माणूस नवखा, हे लांबूनच ओळखू यावं. मग एकदा रात्रीतून सगळं गोठलं आणि कपिल कॉलेजच्या दारातच प्रोफेसरांच्या पायाशी आडवा झाला. "साष्टांग घातला, आता इंटर्नल्समध्ये काय ते बघा म्हणावं," असं तो स्वतःच सांगत फिरला. त्यानंतर पोरं संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या सामाईक किचनमध्ये जमायची, आणि स्वरूपा कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे राजसची एखादी नोट मोठ्यानं लावायची.

"आज हवामान खातं काय म्हणतंय, वहिनी?" कपिल विचारायचा.

"वहिनी म्हणू नकोस. अजून वर्ष आहे."

"वर्ष काय, थंडीत गोठून टिकतंय सगळं. लावा."

त्या दिवशी तिनं अकरावी लावली. "आल्झो, स्वरू, ऐक. न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस. विशेषतः वेणी घालून तर नाहीच. वेणीची आतून काठी होते, खाली बसताना पाठीला टोचते, आणि वर्गात वितळायला लागली की ब्लाउज भिजतो. आधी पूर्ण वाळव, मग घाल."

पोरं हसली. कपिल पोळी लाटता लाटता थांबला. "ते सगळं खरं," तो म्हणाला, "पण राजसदादाला वेणी कधी होती?"

पुन्हा हशा पिकला. स्वरूपाही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कपिलच्या मनात काही नव्हतं. त्याची पोळी भारताच्या नकाशासारखी झाली होती आणि लोकांचं लक्ष तिच्यावरून उडवायला त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण क्वालिटीतल्या माणसाच्या हातात एकदा शंका आली की ती खाली ठेवता येत नाही.

तिनं फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. "वेणीचं तुला कसं रे कळलं?"

"वेणीचं? अगं, मुली असायच्या ना वर्गात. बघितलंय."

"ब्लाउज भिजतो ते?"

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे 'अगदी बरोबर'. प्रश्न नको झाला की जर्मनीतली आपली माणसं हा शब्द पुढे करतात. मग घसा खाकरला, आणि विषय निघून गेला.

डिसेंबरातल्या एका रविवारी, बाहेर दुपारी तीनलाच सांज झालेली असताना, तिनं सगळ्या नोटा पुन्हा पहिल्यापासून ऐकल्या. ह्या खेपेला तिनं दोन ढीग केले. बूट, बदकाची चाल, खिडकी, सायकलचं कुलूप गोठलं तर काय करायचं, हे एकीकडे: ज्याला हे गाव सोसावं लागलं त्या कुणालाही हे कळेल. वेणी, काजळ, कानातलं धातूचं असलं तर कानाची पाळी गार पडते, साडीच्या आत परकराऐवजी काय घालायचं, चेरीच्या बियांची उशी, हे दुसरीकडे. दुसरा ढीग एकोणीसचा भरला. राजसला बहीण नाही. त्याची आई कधी पुण्याच्या पुढे गेलेली नाही. तिनं स्वतःची समजूत घातली की माणूस बारकाईनं बघणारा आहे, पंख्याचा वारासुद्धा बघतो. एवढं बघणारा नवरा मिळाला तर बाईनं कुरकुर करू नये. पास, असं तिनं मनातल्या मनात लिहिलं. पण सत्ताविसावी कुठल्या ढिगात टाकायची हे ती ठरवू शकली नाही. ती तशीच मधोमध राहिली.

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या शनिवारी राजस आला. गावात वीस वर्षं राहिलेल्या शोभनाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. काकूंचे यजमान हरीशकाका जहाजांच्या इंजिनांच्या कंपनीत, आणि काकू म्हणजे गावातल्या यच्चयावत मराठी पोरांच्या बिनपगारी आई. राजसच्या आईनं होणाऱ्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी काळी साडी आणि स्वतः केलेले हलव्याचे दागिने नाशिकहून कुणाबरोबर तरी हॅनोव्हरला पाठवले होते. राजसनं हार, बिंदी, कर्णफुलं असलेलं ते खोकं गाडीत तीन तास मांडीवर ठेवून आणलं होतं. एक दाणा निखळला नव्हता. हे पाहून स्वरूपाला गहिवरून आलं.

स्टेशनबाहेर उणे नऊ होतं. राजसनं खोकं तिच्या हातात दिलं आणि काही न बोलता तिचा मफलर सोडून नीट बांधायला घेतला. किती सराईत हात ते! एक वेढा, दुसरा वेढा, टोक आत. फक्त गाठ बसली ती तिच्या गळ्याशी नाही, तर चांगली चार बोटं खाली. तो क्षणभर थबकला, मग हसून त्यानं गाठ वर सरकवली.

स्वरूपा उंच होती, जवळजवळ त्याच्या कानापर्यंत.

काकूंच्या घरी गुळाचा, तिळाचा आणि ओल्या कोटांचा मिळून वास कोंदला होता. आठ-दहा बायका, त्यांची जर्मनमध्ये भांडणारी पोरं, आणि स्वयंपाकघरात चहाच्या राखणीला बसवलेला राजस. स्वरूपाला हलव्याचे दागिने घातले, सगळ्यांनी फोटो काढले, आणि तीळगूळ वाटता वाटता काकूंची नजर तिच्या पायांकडे गेली.

"जाड मोजे घातलेस ना? शहाणी आहेस. लग्नानंतर मात्र जोडव्यांचं जरा जपून हं. आमच्या ऊर्मिलेचं काय झालं होतं! एवढीशी बाई, माझ्या खांद्यालासुद्धा लागत नव्हती, आणि पाय सुजले हत्तीसारखे. सासूबाईंनी शपथ घातली होती म्हणून काढायची नाही. नवरा पुण्याला, ही इथे. शेवटी बोट निळं पडायला लागलं." काकूंनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि आवाज चढवला. "काय रे राजस, आठवतं का? मला फोन केला होतास, काकू, फायर ब्रिगेडला बोलावू का म्हणून!"

बायका हसल्या. "फायर ब्रिगेड?"

"अहो, इथे येतात ते, अंगठ्या कापायला. पण ह्यानंच काढली शेवटी. बोटाला दोरा गुंडाळून, हळूहळू, तासभर तिचा पाय मांडीवर घेऊन बसला होता गुणी पोरगा. दोन्ही पायांची काढली. ती रडतेय, आणि हा तिला गोष्टी सांगतोय." काकूंनी स्वरूपाच्या हातावर तीळगूळ ठेवला. "तुझं भाग्य गं. गोड बोल."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. त्याचा चर्र आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याचा अर्थ एकट्या स्वरूपालाच लागला.

सत्ताविसावीची जागा ठरली.

घरी परतायला निघाली तेव्हा साडेचार वाजले होते आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरला होता. दोघं पाय फाकवून, बदकांसारखी, खाडीच्या कडेनं चालत होती. राजस वाऱ्याच्या बाजूला होता. अर्ध्या रस्त्यात स्वरूपानं विचारलं.

"ऊर्मिला कुठे असते आता?"

"ड्युसेलडॉर्फला." तो लगेच म्हणाला, जणू कधीपासून उत्तर हातात धरून होता. "नवरा आला तिचा. मुलगी झाली."

"बोलता तुम्ही?"

"नाही. तिनं बंद केलं."

'तिनं', हे स्वरूपाच्या कानांनी बाजूला काढून ठेवलं. "कधी?"

"नवरा आला तेव्हा. दोन वर्षं होतील मार्चमध्ये."

"आणि हे मला सांगायचं राहून गेलं."

"सांगण्यासारखं काही घडलंच नाही, स्वरू. खरंच नाही. ती लग्न झालेली. एका मजल्यावर राहायचो. तिला थंडी सोसायची नाही, मी थोडं बघायचो. बस."

"जोडवी काढलीस."

"अगं, अडकली होती!"

तो खरं बोलत होता हे तिला दिसत होतं. तेच तर अवघड होतं. खोटं सापडलं असतं तर रिजेक्ट लिहून मोकळी झाली असती. ती थांबली. मागून येणारी एक जर्मन आजी काठ्या टेकत दोघांना वळसा घालून पुढे गेली.

"एक काम कर," स्वरूपा म्हणाली. "एकेचाळीसमधली मला एक सांग, जी तिची नव्हती. फक्त माझ्यासाठी सुचलेली. एकच."

राजसनं तोंड उघडलं. मिटलं. मग त्यानं खरोखर आठवायला सुरुवात केली. कपाळाला आठ्या घालून, परीक्षेत बसल्यासारखा, प्रामाणिकपणे. स्वरूपा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या मनापासून तिनं आजवर कुणाच्याही पास होण्याची वाट पाहिली नव्हती. काहीही म्हण, ती मनात म्हणत होती. मोठा बूट म्हण. ओठांचं मेण म्हण. खोटं म्हण, मी मोजणार नाही.

वाऱ्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, किंवा वाऱ्यानं नसेलही.

"नाही आठवत गं," तो म्हणाला.

"मला नोट पाठवताना कुणाशी बोलायचास तू?"

त्यानं मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाला, "पण काळजी तर तुझीच घेत होतो ना? मला वाटलं, ह्यातूनच होईल. सवयीनं होईल."

"आणि झालं?"

ह्या वेळी त्यानं 'गेनाऊ' म्हटलं नाही.

"मग साडेपाचची गाडी घे," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ऑफिसातला वाटला. "घरी मी सांगते. तुझ्या आईंनाही मीच सांगते. तुला जमायचं नाही. तू घसा खाकरशील आणि त्या हॉल बुक करून टाकतील."

तो हसला, आणि हसता हसता रडला. त्यानं वाद घातला नाही. त्यानं वाद घालावा असं तिला किती वाटत होतं, हे तिनं त्याला कळू दिलं नाही.

स्टेशनवर निरोप व्यवस्थित घेऊन झाला. आणि मग पाटीवर अक्षरं फिरली: रुळांवरच्या बर्फामुळे गाडी पन्नास मिनिटं उशिरा. आता काय करावं? तुटून झालं होतं, बोलून झालं होतं, आणि माणूस अजून समोर उभा. निघून जावं तर बाहेर उणे अकरा, आणि जाणाऱ्याला एकटा टाकून यायची पद्धत स्वरूपाच्या घरात नव्हती. दोघं वेटिंग रूममध्ये हीटरपाशी बसली. राजसनं मशीनमधून दोन चहा आणले. कोटाच्या आत तिच्या गळ्यातला हलव्याचा हार उबेनं चिकट होऊन साडीला धरायला लागला होता.

अर्धा चहा संपला. मग तिनं विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती, तिचं काही जाणार नव्हतं. "कशी होती?"

"कोण?"

"बावळटपणा करू नकोस."

राजसनं चहाचा कागदी कप दोन्ही हातांत धरला. आधी अडखळत, मग जरा सरळ, मग धबधब्यासारखा तो बोलायला लागला. पहिल्या हिवाळ्यात ती धाय मोकलून रडली होती, कशासाठी, तर खोबरेल तेल थिजलं आणि बाटली ठेवायला खिडकीत ऊनच नाही म्हणून. मग त्यानं ती बाटली जाकिटाच्या आत छातीशी धरून दिवसभर लेक्चरं केली, आणि प्रोफेसर विचारायचे, ह्या वर्गात नारळाचा वास कुठून येतो? ती वाऱ्यांना नावं ठेवायची, अगदी बारसं केल्यासारखी. पश्चिमेचा, नुसताच आवाज करणारा, तो सासरे. पूर्वेचा, न बोलता हाडात शिरणारा, तो सासूबाई. आणि मधेच कुठूनही येऊन टोपी उडवणारी ती नणंद. "सकाळी दार उघडून एक श्वास घ्यायची, आणि मागे वळून मला सांगायची, आज सासूबाई आल्यात, दोन मोजे घाल!"

स्वरूपाला हसू फुटलं. तिला ते आवरता आलं नाही. राजसही हसत होता, हात हलवून नणंद कशी येते ते दाखवत होता, ऊर्मिलेची मान वळवायची लकब करून दाखवत होता. त्याचे गाल लाल झाले होते. एकदाही त्याला घसा खाकरावा लागला नाही. समोरच्या बाकावरचं म्हातारं जर्मन जोडपंसुद्धा, एक अक्षर कळत नसताना, त्याच्याकडे बघून हसायला लागलं.

हॉटेलातल्या तीन भेटी झाल्या, साखरपुडा झाला, आठ महिने फोन झाले. हा माणूस तिला कधी भेटलाच नव्हता. आज पहिल्यांदा भेटत होता. आणि हा तिला आवडला. अगदी पाहताक्षणी, चाकणच्या सगळ्या मापांच्या पलीकडे. ह्याच्याशी तिनं उद्यासुद्धा लग्न केलं असतं.

"आणि शेवटच्या हिवाळ्यात काय झालं माहितीये," राजस सांगत होता, "खाडी पूर्ण गोठली होती, आणि ती म्हणाली, चल, आपण..."

गाडी आली. दारं उघडली, लोक उतरले. राजस उठला, बॅग शोधू लागला, भानावर आला, आणि त्याचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा मिटला. "जातो," तो म्हणाला. "जपून राहा."

"हो. चल, दारं बंद होतील."

तो चढला. काचेतून त्यानं हात वर केला, तिनंही केला. गाडी वळणावरून गेली, पाटीवरचं तिचं नाव पुसलं गेलं आणि पुढच्या गाडीचं आलं. स्वरूपा फलाटावर तशीच उभी राहिली. गोठलेल्या खाडीवर त्या दोघांनी पुढे काय केलं ते तिला ऐकायचं होतं, आणि ते आता कुणालाही विचारता येणार नव्हतं.